आवाज खाली

“आवाज खाली,” सासूबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

सून नुकतीच डॉक्टरांकडून आली होती. तिने एवढंच सांगितलं होतं, की गर्भाशयाचा कॅन्सर निघालाय, नशिबाने अजून पसरलेला नाही, पिशवी काढावी लागेल. नवरा फरशीकडे बघत बसला. मग मायलेकांनी ठरवलं, कुणी विचारलं तर पोटाचं काहीतरी आहे म्हणायचं. फोनवर नणंदेला सांगताना ते ‘बायकांचं’ झालं. शेजारी पोचेपर्यंत नुसतं पित्त उरलं.

सुनेला हसू आलं.

तरुणपणी तिला याच घरात मूल होत नव्हतं, तेव्हा याच गर्भाशयाचा विषय भरल्या ताटावर निघायचा. दूधवाल्यापासून चुलतजावेपर्यंत सगळ्यांना खबर. हिच्या पिशवीतच खोट आहे, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

तेव्हा खिडकी कुणी लावली नव्हती.

*

प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल.

*

सून बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. गाड्या पुकारते. सगळे तिला भोंगा म्हणतात. तिचा आवाज स्टँड ओलांडून मागच्या गल्लीत, थेट तिच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो.

तिने रजा मागितली. कंट्रोलर साहेबांनी विचारलं, ऑपरेशन कसलं. ‘पोटाचं’ हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तिने तो गिळला आणि माईकचं बटण दाबलं.

*

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. उद्यापासून काही दिवस गाड्या दुसरं कुणीतरी पुकारेल. मला गर्भाशयाचा कॅन्सर झाला आहे. पाळी कायमची बंद झाल्यावरही रक्त जात होतं. मी लाजले, उशीर केला. तुम्ही करू नका, दाखवून घ्या. फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटत आहे.”

*

गाडी सुटली नाही. ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं.

कंट्रोलर साहेबांनी स्वतःचा चहा तिच्यापुढे सरकवला. एका कंडक्टरने काचेवर टकटक करून दवाखान्यात डबा कोण नेणार ते विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यांच्या पाळ्या लावून टाकल्या. ड्रायव्हर लांबूनच म्हणाला, की भोंग्याशिवाय त्याला स्वतःची गाडीसुद्धा सापडत नाही, तेव्हा लवकर दुरुस्त होऊन यायचं.

मग खिडकीपुढे रांग लागली. बायकांची. गाडीची वेळ कुणीच विचारत नव्हतं. एकीने डॉक्टरांचं नाव विचारलं. एकीने, तपासताना दुखतं का. एक काचेखालून हात घालून तिचा हात दाबून गेली.

नवऱ्याचा फोन दोनदा वाजला. तिने उचलला नाही. घरी काय वाढून ठेवलंय ते तिला माहीत होतं.

“कुठं जायचंय?” तिने पुढच्या बाईला सवयीने, मान वर न करता विचारलं.

“तुझ्याच डॉक्टरांकडे.”

सासूबाई होत्या. पदर घट्ट लपेटून रांगेतच उभ्या राहून आलेल्या.

“मलाही जातंय,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं.”

सुनेचा हात झटकन माईकच्या बटणाकडे गेला. चुकून चालू राहिला असेल तर.

“असू दे चालू,” सासूबाई म्हणाल्या.