अकरा सेकंद

"अजून आहे," शामराव म्हणाले. दुर्बिणीला लावलेला उजवा डोळा त्यांनी हलवला नाही.

ललिताबाई शेजारी उलट्या बादलीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातातला मोबाइल नवऱ्याचं बोलणं टिपत होता. संध्याकाळचे सव्वासात वाजत आले होते. गिरगावातल्या त्या चाळीच्या गच्चीवरून जानेवारीचं स्वच्छ आकाश दिसत होतं, म्हणजे नव्या टॉवरने खाऊन जेवढं उरलं होतं तेवढं.

त्या उरलेल्या तुकड्यातले पाच तारे दुर्बिणीत एकदम दिसत होते. त्यांतल्या मधल्या ताऱ्यासमोरून एक लघुग्रह जाणार होता. तो इतका अंधूक की दिसणारच नव्हता. फक्त तो एक तारा विझल्यासारखा होणार, फार तर चार सेकंद, आणि परत उजळणार. लघुग्रहाची सावली मुंबईच्या नेमक्या कुठल्या भागावरून सरकेल याची खात्री नव्हती, म्हणून खगोल मंडळाने तिघांना तीन ठिकाणी बसवलं होतं. माहीमला ग्रेगरी, चिंचपोकळीला मेघना. त्या दोघांकडे कॅमेरे होते. गिरगावात शामराव, कॅमेऱ्याशिवाय.

शामरावांचं नाव घालायला मंडळ तयार नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी अशाच एका वेळी ऐन क्षणी ढग आडवा आला होता. शामरावांनी तसं न सांगता तारा गेल्याची आणि आल्याची वेळ मनानेच लिहून दिली. बाकीच्यांच्या नोंदींशी ती जुळेना. भर बैठकीत कोणीतरी म्हणालं, "काकांना ढगाआडचंही दिसतं." सगळे हसले. तेव्हापासून शामरावांनी मंडळात पाऊल टाकलं नाही आणि दुर्बीण माळ्यावर गेली ती गेलीच. यंदा ग्रेगरी मध्ये पडला. दोघांनी एकाच कचेरीत पस्तीस वर्षं शेजारी बसून नकाशे काढले होते. "त्याची जबाबदारी माझी," असं त्याने मंडळाला सांगितलं होतं.

"अजून आहे... आहे... गेला."

ललिताबाईंनी श्वास रोखला.

"गेला. नाहीये... अजून नाहीये..." शामरावांचा आवाज कापत होता. "आला."

ते खुर्चीत मागे टेकले. कपाळावर घाम आला होता, थंडी असून.

"बघितलं मी, ललिता."

"पाणी घ्या आधी."

पाणी बाजूलाच राहिलं. शामरावांनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा घड्याळ लावून. 'गेला' आणि 'आला' यांच्यात अकरा सेकंद होते.

"चारच म्हणाला होतात ना तुम्ही?" ललिताबाईंनी विचारलं.

"तेच तर. म्हणजे समजतात त्यापेक्षा तो लघुग्रह मोठा असणार. किंवा त्याला स्वतःचा चंद्र असेल. असे सापडलेत पूर्वी."

"मग तुमचं नाव येईल?"

"नाव कशाला हवंय? नोंद धरली तरी पुष्कळ झालं."

ग्रेगरीचा फोन आला तेव्हा शामरावांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"माझ्याकडे काही नाही, शाम. तारा जसाच्या तसा. मेघनाकडेही तेच. सावली दक्षिणेला सरकली असणार. तुझं काय?"

"गेला. अकरा सेकंद."

ग्रेगरी म्हणाला, "अकरा?"

"रेकॉर्डिंग आहे. ललिता इथेच बसलीय."

"अरे, पण चारच्या वर..."

"तुला काय वाटतंय ते कळतंय मला."

"मला काही वाटत नाही. मंडळ काय विचारेल ते बोलतोय. ढग आला असेल म्हणतील, दुर्बीण हलली असेल म्हणतील. मला एकच सांग. मधला तारा गेला तेव्हा बाजूचे चार जागेवर होते ना? होते एवढं तू म्हण, पुढे मी आहे. भांडेन मी त्यांच्याशी."

शामरावांनी दुर्बिणीकडे बघितलं.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दुर्बिणीत दुसऱ्या कोणी डोकावलं नव्हतं. या वेळी जुळवून बघायला दुसऱ्या कोणाची नोंदही नव्हती. ललिताबाई त्यांच्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर नवऱ्याबद्दलचं असं कौतुक दिसत होतं. शामरावांनी नजर वळवली.

"नव्हते," ते म्हणाले. "तेही गेले. सगळंच गेलं, ग्रेगरी. वरून खाली काळा पडदा उतरावा तसं झालं, आणि मग तो पडदा सावकाश वर गेला. ढग असेल. ढग म्हणून लिही. या खेपेला मी खोटं सांगणार नाही."

"आत्ता ढग आहेत तिकडे?"

शामरावांनी मान वर केली. बायकोकडे बघितलं. "ललिता, मघाशी ढग आला होता का गं?"

"छे. एकही नव्हता. मी वरच बघत होते."

"नव्हता म्हणते," शामराव फोनवर म्हणाले. नोंद हातची गेली होती, पण का कोण जाणे, त्यांना हलकं वाटत होतं. "मग दुर्बिणीतच काहीतरी बिघाड असणार. अठरा वर्षं पडून होती बिचारी. उद्या उघडून बघतो."

"डोळा कुठला लावला होतास?"

"उजवा. का रे?"

"दुर्बीण ठीक आहे, शाम," ग्रेगरी अगदी सावकाश म्हणाला. "आकाशात काही झालेलं नाही. पडदा उतरला तो तुझ्या डोळ्यावर, मेंदूच्या झटक्याआधी असं होतं. आहेस तिथेच बसून राहा, जिना उतरू नकोस. फोन वहिनींकडे दे. मी ॲम्ब्युलन्स पाठवतोय."