राहून गेलेली काच

"खेळ करा, जेवा आणि सकाळच्या गाडीनं निघा," अण्णा म्हणाले. "लग्नाला थांबायचं कारण नाही."

गुरुदत्तने मान हलवली आणि कंदिलाची काच पुसायला घेतली. अण्णांचे थोरले बंधू भाऊ शेजारीच होते. पुतणीच्या लग्नात जादूचा कंदील हवा म्हणून त्यांनीच गुरुदत्तला कल्याणला बोलावलं होतं. भाऊंची हौस दांडगी आणि पाचपोच बेताचा.

अण्णांची मुलगी उत्तरा पाळण्यात असताना महिपतरावांची नाटक कंपनी कल्याणात उतरली होती. कंपनीचा मुक्काम हलला त्याच दिवशी अण्णांची बायको लक्ष्मी नाहीशी झाली. खाडीकाठी तिचं लुगडं सापडलं. घरच्यांनी खाडीला दोष दिला, गावानं नाटकवाल्यांना. भाऊंना तर तिचा चेहराही आठवत नव्हता. थोरल्या दिरापुढे तिने कधी मान वर केलीच नव्हती. अण्णांनी मुलीला वाढवलं आणि दुसरं लग्न केलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटे.

गुरुदत्तचं नाव गाजलं ते याच कंपनीत. नायिकेची ती चाल, तो पदर बघून घरंदाज बायका आरशासमोर उभ्या राहू लागल्या. "बाईलासुद्धा अशी बाई जमायची नाही," महिपतराव छाती फुगवून सांगत. पण नायिकेचं वय वाढलेलं कोणाला चालतं? कोवळ्या गळ्याचा नवा नट आला, आणि गुरुदत्तने काचेवर चित्रं रंगवायला घेतली. तीन-चार काचा भराभर सरकवल्या की पडद्यावरचं माणूस हलायचं. आवाज सगळ्यांचे गुरुदत्तचेच.

दिवेलागणीनंतर ओसरीवर पडदा लागला. खेळ स्वयंवराचा होता. राजकन्येनं माळ घातली, हत्तीनं सोंड उचलली, मंडळी खूश झाली. शेवटी राणी लेकीला आशीर्वाद द्यायला पुढे आली आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

खेळ संपल्यावर हळदीच्या अंगानं उत्तरा कंदिलापाशी आली.

"काका, राणीचा हात राजकन्येच्या डोक्यावर टेकतच नाही. मध्येच थांबतो."

"ती काच राहून गेली, बाळ."

"मग रंगवा की."

"पुष्कळदा बसून पाहिलं. रंग वाळून जातात."

उत्तराचं तेवढ्यानं भागलं नाही. "तुमच्या नाटकात खऱ्या बायका का नसतात?"

"खऱ्या बाईला कोण घेणार? लोक दगड मारतील. पुरुषानं केली की कला."

उत्तरा हसली आणि कोणीतरी हाक मारली म्हणून पळाली. ती गेली त्या दाराकडे गुरुदत्तची नजर कितीतरी वेळ लागून राहिली.

ओसरी रिकामी झाल्यावर अण्णा आले. चार लोकांतलं 'तुम्ही' आता गळून पडलं होतं.

"कितीदा वाटलं, कंपनीच्या दारात येऊन तुला जाब विचारावा."

"विचारायचा होता."

"काय मिळवलंस?"

"टाळ्या. लाज वाटते सांगायला, पण गोड लागल्या. एका घराचं वाटोळं केलं त्यांच्यापायी. तो पस्तावा काही जात नाही." गुरुदत्तने हात जोडले. "उद्याचं कन्यादान तेवढं बघू द्या. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

अण्णांना रागवायचं होतं, पण राग येईना. ते पडद्याची दोरी सोडत राहिले.

"खांबाआडून बघ," शेवटी ते म्हणाले. "पोरीच्या सासरचे आहेत. पुढे यायचं नाही."

सकाळी मांडव भरला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि भटजींनी कन्यादानासाठी अण्णांना पाटावर बसवलं.

"यजमानीणबाई?" भटजींनी विचारलं.

"नाहीत," भाऊच घाईनं म्हणाले. "जाऊन बरीच वर्षं झाली."

"मग कमरेला सुपारी खोचा. बायको नसली की तीच बायको."

अण्णांनी सुपारी हातात घेतली. एकदाच खांबाकडे पाहिलं आणि ती मुकाट्यानं कमरेला खोचली.

खांबाआड, डोक्यावरचं पागोटं सावरत, लक्ष्मी आपल्या जागी बसलेल्या सुपारीकडे बघत राहिली.