पहिलं पाणी

छोटी कळशी भरून वाहायला लागली तरी क्षितिजाचे डोळे काही उघडले नव्हते. सहावा महिना सरत आलेला, त्यात धरणावरचं धुकं पार दारापर्यंत येऊन बसलेलं. झोप कुठे संपली आणि जाग कुठे आली, तिचं तिलाच कळत नसे. तिने कळशीवर ताटली झाकली, अंगणातल्या तुळशीपाशी नेऊन ठेवली आणि मग कुठे प्यायचं पाणी भरायला घेतलं.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून हे असंच चाललं होतं. तिच्या रक्तात शिसं निघालं होतं. शिसं, हो! खोलीतले ते नवेकोरे, चमचमणारे, स्वस्तातले नळ. रात्रभर पाणी त्यांत साचून राहतं आणि शिसं पाण्यात उतरतं. तिथून थेट पोटातल्या बाळापर्यंत. "नळ बदला. आणि तोवर सकाळचं पहिलं पाणी अजिबात पिऊ नका," डॉक्टर म्हणाले.

बदला म्हणे! घरमालकीण गोजराबाईंच्या लेकाने, दिग्विजयने, केवढ्या हौसेने ते बसवले होते. स्वतःच्या घरात अजून विहिरीचंच पाणी. "आमाला त्येच ग्वाड लागतं बाई. नवं ते तुमास्नी," म्हातारी म्हणायची. अशा माणसाला तोंडावर सांगायचं, की तुमच्या नळात विष आहे? क्षितिजाची जीभच रेटेना.

"तू बाळंतपणाला माहेरी गेलीस की मी गुपचूप बदलून टाकतो," तिचा नवरा मनीष म्हणाला. उरवड्याच्या कारखान्यात नोकरी त्याची. इतकी जवळ, इतकी चांगली खोली सोडायची त्याचीही तयारी नव्हती.

बरं, ते पाणी मोरीत सोडून द्यावं, तर ही पडली लातूरची. टँकरमागे घागर घेऊन धावत वाढलेली पोर. हात धजेना. झाडांना तरी होईल म्हणून ती ते झाकून ठेवायची. दुपारी कळशी रिकामी होऊन पालथी पडलेली असायची आणि अंगणातला झेंडू टवटवीत दिसायचा. तिला बरं वाटायचं.

दुपारच्या गुंगीत तिला बाळ दिसायचं. स्वच्छ, थंडगार पाण्यात अलगद तरंगणारं. जाग आली की ओट्यावर गौतमी बसलेली असायची, गोजराबाईंची सून. तिलाही दिवस गेलेले. अलीकडे मात्र पोरीचा चेहरा पार उतरला होता.

"पोटात सारखी कळ येतीया गं," गौतमी म्हणाली.

"अगं, मग दवाखान्यात जा की!"

"आत्याबाई म्हणत्यात, पहिलटकरणीला व्हतंच आसं."

क्षितिजाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात पोटातलं बाळ हललं आणि ती आपल्याच नादात हसली.

पुढच्या तपासणीत रक्तातलं शिसं पुष्कळ कमी झालेलं निघालं. बाळाची वाढ उत्तम. क्षितिजाला रडू आवरेना. घरी आली ती तडक तुळशीपाशी, गोजराबाई तिथेच दिवा लावत होत्या.

"आजी, बाळ अगदी ठणठणीत आहे हो माझं!"

"हुणारच!" म्हातारीने तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "मी बगते की रोज. येवढी शिकल्याली पोर, पर आदी तुळशीला पहिलं पानी झाकून ठिवती, मग सोता पिती. देव पावणार न्हाई तर काय!"

क्षितिजा हसली. "अहो आजी, ते तर झाडांना..."

"झाडाला? खुळी का काय! झाडं विहिरीवर हायेत. देवाम्होरचं तीर्थ मातीत घालीन व्हय मी? रोज उपाशीपोटी आमच्या गौतमीला पाजते. दीसभर त्येच. येक थेंब सांडू देत न्हाई."