तुमच्यातलीच

"घाई करू नकोस. 'रक्त जातंय' म्हणालीस की जरा थांब," शिवणवाल्या मावशी म्हणाल्या. "माझी लेकही तिथेच थांबली होती."

तरुणीने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सभागृहामागच्या खोलीत दोघीच होत्या. बाहेर खुर्च्या मांडल्याचा खडखडाट चालला होता.

मावशींची लेक बाळंतपणात गेली. वस्तीची बोली इस्पितळात कुणालाच येत नव्हती. ती रक्त जातंय म्हणून सांगत राहिली, आणि नर्स "होईल सगळं नीट" म्हणत तिचा हात थोपटत राहिली. तेव्हापासून मावशींनी एकच धोशा लावला होता. बाळंतिणींच्या वॉर्डात आमची बोली समजणारी एक बाई ठेवा. एकच, जास्त नको. सगळ्या पक्षांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आले.

या पक्षाच्या महिला आघाडीच्या ताईंनी मात्र थेट व्यासपीठ देऊ केलं. चार माणसांत मावशींची दातखीळ बसते, म्हणून बोलायला ही मुलगीही त्यांनीच शोधून आणली. "तुमच्यातलीच आहे हो. शहरात वाढली, एवढंच." बिचारीला वस्तीतल्या बायकांसारखा डोक्याला रुमालही बांधता येईना. मावशींनी बांधून दिला. बांधताना त्यांना भरून आलं. लेक गेल्यापासून कुणाच्या केसांवरून हात फिरवला नव्हता.

"मागणी शेवटी. ती तेवढी विसरू नकोस, बाळा. बाकी सगळं तिच्यासाठीच आहे."

"नाही विसरणार, मावशी."

मुलगी बोलली, आणि काय बोलली! "माझी सख्खी बहीण," म्हणाली, आणि थांबायचं तिथे बरोबर थांबली. बायकांना हुंदके आवरेनात. पुढाऱ्यांनीसुद्धा चष्मे काढून पुसले. मग ती म्हणाली, "या पक्षाने आमचे अश्रू पुसले," आणि हात जोडून आत निघून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागणी राहूनच गेली.

मावशी ताडकन उठल्या. पण राग नाही आला. घाबरली असेल पोर. एवढ्या गर्दीपुढे भल्याभल्यांची गाळण उडते. सभा अजून संपली नव्हती. दोन वाक्यांपुरतं तिला पुन्हा उभं करता आलं असतं. खुर्च्यांना धडकत, माफी मागत त्या मागच्या खोलीकडे धावल्या.

दार अर्धवट उघडं होतं. मुलगी पाठमोरी उभी राहून पाणी पीत होती.

"रडवलंस गं सगळ्यांना," ताई म्हणाल्या.

मुलीने ग्लास खाली ठेवला. "ताई, संध्याकाळच्या सभेत मी कुठल्या वस्तीतली?"