मांडीवरची अंजू

"अंजूले मांडीवर घे," बादल म्हणाला. "डॉक्टरीण बाई आता बोलावतेच."

राखीनं जावेच्या चार वर्षांच्या पोरीला उचलून मांडीवर घेतलं. यवतमाळच्या दवाखान्यात लेकरू कायले न्यायचं, असं तिनं सकाळी बोरीच्या स्टॅन्डवर विचारलं होतं. तेव्हा बादलनं समजावलं, "नव्या नवरीच्या ओटीत दुसऱ्याचं लेकरू काहून बसवते? तिची कूस उजवावी म्हणूनच ना? मग इथंबी बसव."

राखीला पटलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिला बरंच काही पटलं होतं. सासूनं सांगितले तेवढे उपास केले, सांगितली ती जडीबुटी तोंड वाकडं करून प्याली. पदरात काही पडलं नाही. येत्या दिवाळीनंतर बादलसाठी दुसरी बायको आणायची, असं सासू सुखीबाई आता तांड्यात उघड बोलू लागली होती. दवाखान्याचं बादलनंच काढलं तेव्हा राखीला रडू आलं. नवरा आपल्या बाजूनं आहे, एवढंच तिला उरलं होतं.

डॉक्टरीण बाईंनी पोरीचा गाल ओढला. "तुमचीच का?"

"हो, आमचीच," बादल चटकन म्हणाला.

राखीनं मान खाली घातली. खोटं बोलायचं म्हटलं की तिचे कान तापायचे.

बाईंनी मग निवांत समजावून सांगितलं. रोज पोटात एक इंजेक्शन घ्यायचं. पोट फुगल्यासारखं वाटेल, छाती दुखेल, उगाच रडू येईल. मधूनमधून सोनोग्राफी करून बीजं किती वाढली ते पाहायचं. ती तयार झाली की भूल देऊन सुईनं बाहेर काढायची. त्यानंतर ओटीपोटात कळा येतील, थोडं रक्तही जाईल, त्याला घाबरायचं नाही.

"पण पोट एकदम वाढलं, दम लागला, लघवी कमी झाली, तर घरी बसायचं नाही. लगेच यायचं. आणि हे आयुष्यात एकदाच करता येतं, पुन्हा नाही. मनापासून तयार आहात ना? कोणाची जबरदस्ती?"

"कोणाची नाही जी. मीच केव्हाची वाट पाहून राह्यली."

"पुण्याचं काम आहे," बाई म्हणाल्या.

राखीच्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकून बसला. एकदाच. हे हुकलं तर पुढं काहीच नव्हतं.

परतताना बसमध्ये बादल तिच्या कानाशी लागला. "परक्याचं लेकरू सांगतलं का गुण येत नाही, म्हणून तसं बोललो. घरी कोणाले सांगू नको."

"तुमचं काही तपासत नाही का?"

"माह्यं मागंच झालं."

इंजेक्शनं बोरीच्या एका दुकानदाराच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. बादल रोज संध्याकाळी एक घेऊन यायचा आणि दार लोटून, पोटाची चिमटी धरून हलक्या हातानं टोचायचा. ज्यानं कधी पाण्याचा पेला उचलून दिला नाही, तो माणूस टोचल्या जागी फुंकर घालत होता. राखीला त्या फुंकरीचंच जास्त रडू यायचं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलंच होतं की रडू येईल.

ठरल्या दिवशी ती उपाशीपोटी टेबलावर झोपली. जागी झाली तेव्हा ओटीपोटात कळा येत होत्या आणि तोंडाला कोरड पडली होती.

"झालं का?" तिनं नर्सला विचारलं.

"झालं ताई. मस्त झालं."

राखीनं पोटावर हात ठेवला तो घरी येईपर्यंत काढला नाही. बसच्या प्रत्येक धक्क्याला ती दुसऱ्या हातानं पुढची दांडी आवळायची. बादल मात्र खुशीत होता, फुगलेला खिसा चाचपत वाटेत त्यानं दोनदा चहा पाजला.

दोन-तीन दिवसांत पोट वर आलं. लुगडं बसेना, अन्न नकोसं झालं, सकाळी उलटी झाली. सुखीबाईनं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, भाकरीवर तुपाची धार धरली आणि तिच्याऐवजी जावेला पाणी भरायला पिटाळलं. दुपारी तांड्यातल्या बाया येऊन तोंडावर हात फिरवून गेल्या. इतक्या लवकर पोट दिसत नाही, हे राखीलाही कळत होतं. पण सहा वर्षांत सासूनं तिला तूप वाढलं नव्हतं. ते ताट बाजूला सारायची हिंमत कुठून आणायची?

पुढं दम लागायला लागला. पायरी चढताना ती भिंत धरायची. लघवी तर दिवसातून एकदाच, तीही थेंबभर. बाईंनी सांगितलेलं तिला सगळं आठवत होतं. पण दवाखान्यात गेलं आणि त्यांनी काढून टाकलं तर? ती तोंड मिटून राहिली. शेवटी अंगणातच घेरी येऊन पडली, तेव्हा सासऱ्यानं, खेमसिंगनं, शेजाऱ्याची गाडी आणली. बादल कुठं सापडेना.

दवाखान्यात सलाईन लागलं. पोटात पाणी झालं होतं, ते सुईनं काढलं. दुपारून श्वास जरा मोकळा झाला तशी तिनं नर्सचा हात धरला.

"ताई, खरं सांगा. पाण्यासंगं माह्यं लेकरू तर नाही गेलं?"

"कोणतं लेकरू?"

"त्या दिवशी ठेवलं ते."

नर्स हसली. बाई ग्लानीत बरळते आहे, असं तिला वाटलं असावं.

"अहो ताई, तुमच्या पोटात काहीच ठेवलं नाही. ज्या बाईला पाहिजे तिच्या पोटात ठेवत असते." तिनं पांघरूण राखीच्या गळ्यापर्यंत ओढलं. "तुम्ही कायले घाबरता? स्वतःचं लेकरू असलेल्या बाईचीच बीजं आम्ही घेतो, तुम्हाले तर पोरगी आहे. तुम्ही दिलेली बीजं छान निघाली. तिच्या नवऱ्याचं बीज घेऊन गर्भही तयार झाले. उद्या सकाळी तिच्या पोटात ठेवतो."