सत्तेचाळीस टक्क्यांवर

उत्कर्षाचा नवा लॅपटॉप अपडेट होता होता कालपासून सत्तेचाळीस टक्क्यांवरच अडकला होता. "बंद करू नका, हलवू नका," असं दुकानदारानं फोनवर बजावल्यापासून अख्खं घर त्याच्याभोवती बसून होतं.

शेजारच्या सुगराबी केळी घेऊन भेटायला आल्या आणि स्क्रीनकडं बघत हळूच टेकल्या.

"काल किती होतं?"

"सत्तेचाळीसच," उत्कर्षाची आई रंभाबाई म्हणाल्या.

"खाली तर गेलं न्हाय की. तापलाय का?"

"लई. फॅन लावलाय."

सुगराबींनी केळी लॅपटॉपशेजारी ठेवली. "धीर धरा, वैनी. कुणीतरी जवळ बसून राहा."

आतल्या खोलीतून रंभाबाईंचे यजमान हिंदुराव कण्हत ओरडले, "अवो, ती केळी हिकडं आणा की! आपरेशन माझं झालंय!"