पेनीची साक्ष

मागच्या दाराच्या कुलपाचे दोन स्क्रू ड्वेनने काढले होते. तिसरा गंजला होता. तो त्याच्याशी झटत असताना मार्लीन त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"ते राहू दे. शेल्बीकडे याचीच किल्ली आहे."

"म्हणूनच बदलतोय," तो म्हणाला. "ती किल्ली आता कुणाच्या खिशात आहे देव जाणे. परवा शेजारच्या हिक्सच्या घरातून टीव्ही गेला, बंदूक गेली. दार फोडलेलं नव्हतं."

शेल्बी त्यांची मुलगी. एकोणीस वर्षांची. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत ती नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेल्या दोन मुलांच्या गाडीत बसून गेली. आता ओहायो नदीच्या काठाला बर्फ धरलं होतं आणि तिचा फोन कधीच लागत नव्हता. शेरीफच्या पोलिसांनी कुत्रं आणलं. त्याला शेल्बीचा स्वेटशर्ट हुंगायला दिला. कुत्रं हायवेपर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. परत मिळालेला स्वेटशर्ट मार्लीनने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड घट्ट बांधून, कपाटात ठेवला. धुतला नाही.

"ती घरी येते, ड्वेन. आपण दोघं कामावर असतो तेव्हा."

"कोण म्हणतं?"

"पेनी."

पेनी म्हणजे शेल्बीची पाळीव सापीण. ड्वेनने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"वा. सापाची साक्ष. आणि शपथ घ्यायला हात कुठून आणणार तिला?"

पेनी दूधसापाच्या जातीची. ड्वेनच्या वडिलांच्या गोठ्यात, गवताच्या भाऱ्याखाली, पेन्सिलीएवढं पिल्लू शेल्बीला सापडलं होतं. हा साप गोठ्यात दिसतो म्हणून म्हातारी माणसं म्हणायची, गायीचं दूध पितो. खरं तर तो उंदरांसाठी येतो. विष नाही, पण जात भित्री. उचललं की शेपटी थरथरते, अंगाला पीळ पडतो, आणि असा घाण वास सुटतो की कपडा धुतल्याशिवाय जात नाही. "रोज हातात घ्यायचं, आई," शेल्बी सांगायची. "मग ओळखीच्या माणसाकडे शांत राहते. हातात घेणं सोडलं की पुन्हा पहिल्यासारखी."

शेल्बी गेल्यावर पेनी पहिल्यासारखी झाली. मार्लीन तिला उचलायची आणि दर वेळी अंगावरचे कपडे बदलायची. ख्रिसमसनंतर मात्र पेनी हळूहळू शांत होत गेली. आता तर ती मार्लीनच्या मनगटाभोवती गुंडाळून पडून राहायची. कुणीतरी हिला रोज हातात घेतंय, एवढं मार्लीनला कळलं. तेव्हापासून ती सकाळी निघताना ओट्यावर मक्याचा पाव झाकून ठेवत होती. संध्याकाळी तो तसाच असायचा. शेल्बीला भूक नसेल.

"तुझ्याच हातांना सरावली असेल ती," ड्वेन म्हणाला.

"मी तिची काचेची पेटी पुसण्यापुरती धरते तिला."

"रोज पुसतेस, मार्लीन."

तिने आत जाऊन कपाटातली पिशवी आणली आणि तिची गाठ सोडली. स्वेटशर्ट अंगात घातला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. त्या तिने तशाच ठेवल्या.

"हात माझेच," ती म्हणाली. "वास तेवढा शेल्बीचा. ती येत असेल तर पेनी हलणारसुद्धा नाही. बघ."

तिने पेटीचं झाकण उघडलं आणि पेनीला बाहीवर घेतलं. पेनीची जीभ बाहीच्या काठावर आली. पुन्हा आली. मग तिने मान आखडली. शेपटी पेटीच्या काचेवर तडतड वाजायला लागली. तिने बाहीचा चावा घेतला, सोडला, पुन्हा घेतला. पीळ देत तिने सगळं अंग स्वेटशर्टवर घासलं आणि तो पिवळट, घाण द्रव बाहीवर, छातीवर, गळ्यापर्यंत उडाला.

मार्लीनने हात मागे घेतला नाही. पेनी थकेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"ठेव तिला आत," ड्वेन हळू आवाजात म्हणाला.

तिने ठेवलं. झाकण लावलं. मग बाही नाकाशी नेली. कोपराजवळ हुंगलं, खांद्याजवळ हुंगलं, कॉलर ओढून आतून हुंगली. सगळीकडे पेनीच होती.

तिने स्वेटशर्ट काढला, धुलाईच्या मशीनमध्ये टाकला आणि त्यावर साबण ओतला. मशीन सुरू झाल्यावर ती दारापाशी आली.

"तो तिसरा स्क्रू जोर लावून निघायचा नाही," ती म्हणाली. "त्याला थोडं तेल घाल."